एका वाटीपुरतं चॉकलेट

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी माझा रक्ताचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर ११२. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह नाही अजून, पण उंबऱ्यावर उभ्या आहात." १०० ते १२५ हा तो उंबरा. मी जरा घुश्श्यातच सांगितलं, "अहो डॉक्टर, मी स्वतःसाठी म्हणून गोडाचं कधी करतच नाही." त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "मग उरलेलं कोण खातं?"

मी गप्पच बसले.

तुम्हीच आठवून बघा. चवथीच्या नेवऱ्या संपतात, पण डब्याच्या तळाशी चार मोडक्या राहतातच. रसातले शिरवाळे केले की मुलं दोन घास खाऊन उठतात, यजमान "आता पुरे" म्हणतात, आणि आतून सासूबाईंचा आवाज येतो, "टाकूक नको गो, तू खाऊन टाक." अन्न टाकायचं नाही, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. मग पातेलं घासायला टाकायच्या आधी ओट्यापाशी उभ्या उभ्या ते आपल्याच पोटात जातं. त्याला जेवण म्हणत नाहीत, म्हणून ते मोजलंही जात नाही.

त्यात आमच्या मालवणच्या बाजूला मे महिन्यात चाकरमानी येतात ते चॉकलेटचे डबे घेऊन. माणसं परत जातात, डबा फ्रीजमध्ये राहतो. दुपारी घर निजलं की एक वडी, मग आणखी एक. चोरूनच म्हणा ना! मला चॉकलेट आवडतं, हे पन्नाशी उलटली तरी घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा ठरवलं, चोरून खायचं नाही आणि उरवायचंही नाही. एकच वाटी करायची, आणि ती आपली. पुतणीनं सांगितलेला कपातला केक आधी करून पाहिला. मैदा, तेल आणि चार चमचे साखर. गरम असताना बरा लागला, निवल्यावर रबर. मग कुकरमध्ये वाटी ठेवून उकडायला गेले, तर झाकणावरचं पाणी ठिबकून सगळा चिखल झाला. शेवटी हात गेला तो आपल्या नाचणीच्या डब्याकडे.

आधी कोकोचं बघू. दुकानात "चॉकलेट पावडर द्या" म्हणू नका. दुधात घालून प्यायची ड्रिंकिंग चॉकलेटची पूड म्हणजे बरीचशी साखरच. आपल्याला हवी ती नुसती, कडू कोको पावडर. डबा फिरवून मागचे घटक वाचा. जो पदार्थ वजनानं जास्त तो तिथे आधी लिहावा लागतो. पहिलाच शब्द साखर असेल तर डबा परत ठेवा. कोकोच्या बियांतलं बरंचसं तूप दाबून काढलं की जो चोथा राहतो त्याची ही पूड. ही दाबयंत्राची युक्ती हॉलंडमधल्या व्हॅन हाउटेन यांनी काढली, १८२८ साली. आणि कोकोचं झाड काही फार परकं नाही बरं का. दक्षिणेत नारळी-पोफळीच्या सावलीत ते आंतरपीक म्हणून घेतात. कर्नाटकात पुत्तूरला सुपारी आणि कोको पिकवणाऱ्यांच्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून आहे.

त्याहून मजा पुढेच. चॉकलेट जिभेवर विरघळतं ते कोकोच्या तुपामुळे. ते तूप एरवी घट्ट असतं आणि अंगाच्या उबेनं वितळतं. असं दुसरं काय आठवतं? आपलं मुठेल! रातांब्याच्या बिया कुटून, उकळून, वर आलेलं तेल थिजवून मुठीनं वळलेला तो पांढरट गोळा. थंडीत भेगाळलेल्या टाचांना आपण चोळतो ना, तोच. काही घरांत त्याला भिरंडेल म्हणतात. चॉकलेटमध्ये कोकोच्या तुपाबरोबर थोडी चालतील अशा सहा वनस्पतिज स्निग्धांची यादी युरोपीय संघानं २००० साली केली, तिच्यात आपलं कोकम आहे. आपण मात्र ते टाचांपुरतं ठेवलं! असो. आजच्या वाटीत मुठेल घालायचं नाही. घरच्या गोळ्याला जो वास असतो तो गोडात खपत नाही.

आता साहित्य. नाचणीचं पीठ पोह्याचे दोन सपाट चमचे, कडू कोको चहाचा दीड चमचा, बारीक चिरलेला गूळ चहाचे दोन चमचे, नारळाचा पातळ रस एक लहान वाटी, दाट रस दोन चमचे, मिठाची कणी, किसलेलं जायफळ चिमूटभर, आणि असतील तर चार काजू.

"एका वाटीसाठी नारळ कोण फोडणार?" असं म्हणाल. फोडायचा नाहीच. सकाळी वाटपासाठी खोबरं खवतो तेव्हा मूठभर बाजूला ठेवायचं. थोडं कोमट पाणी घालून वाटलं, पिळलं की आधी दाट रस, पुन्हा पाणी घालून पिळलं की पातळ. चोथा दुपारच्या भाजीत.

लहान पातेल्यात पीठ मंद आचेवर कोरडंच भाजा. खमंग वास आला की उतरवा आणि पूर्ण निवू द्या. घाई केलीत तर गुठळ्या ठरलेल्या. निवल्यावर थंड पातळ रस थोडा थोडा घालून कालवा. कोको थेट पातेल्यात टाकू नका, तो वरच तरंगत राहतो. वाटीत दोन चमचे कडकडीत पाण्यात घोटून घ्या आणि मग ओता. आता बारीक गॅसवर पाच-सहा मिनिटं, आणि हात थांबवायचा नाही. कच्चा वास गेला, रंग गडद झाला, चकाकी आली आणि चमच्यावरून जाडसर पडायला लागलं की झालं. मीठ आणि गूळ घाला, गूळ विरघळला की गॅस बंद. दाट रस शेवटी, खाली उतरवून. तो उकळला तर फुटतो. नारळाऐवजी गाईचं दूध घ्याल तर गूळ मिश्रण कोमट झाल्यावरच घाला, नाहीतर दूध नासतं. वरून जायफळ आणि काजू. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर मिळाले तर बघायलाच नको.

आता थोडं खरं बोलू. गूळ म्हणजे साखर नव्हे, या भ्रमात राहू नका. रक्ताला दोन्ही सारखेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आपल्या वाटीत सुमारे दहा ग्रॅम गूळ आहे, म्हणून त्या दिवशीचा चहा मी बिनसाखरेचा पिते. "नाचणी मधुमेहाला चालते" हेही सरसकट खरं नाही. भाकरी वेगळी आणि पिठाची मऊ खीर वेगळी, खिरीनं साखर भरभर चढते. म्हणून ही वाटी रिकाम्या पोटी नाही, जेवणानंतर आणि तीही आठवड्यातून दोनदा. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या दोन चमच्यांतून चाळीसेक मिलिग्रॅम मिळतं, जास्त नाही. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय त्यांनी नारळाचा रस सोडून साय काढलेलं दूध घ्यावं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

पहिल्या दिवशी मी वाटी घेऊन पडवीत बसले, तर यजमानांनी विचारलं, "आणि आम्हाला?" खरं सांगते, जीव वरखाली झाला. तोंडाशी आलेलं "तुम्हीच घ्या" गिळलं आणि म्हटलं, "उद्या तुमची वेगळी करीन." दुसऱ्या दिवशी केलीही, वेगळ्या पातेल्यात. सगळ्यांची एकदम करायला गेलात तर पातेल्याच्या बुडाशी अर्धी वाटी राहणार, आणि ती कुणाच्या वाट्याला येते ते आपल्याला ठाऊक आहे. सासूबाईंनी एक चमचा चाखला. "कडू आसा," म्हणाल्या, आणि वाटी परत माझ्याकडे सरकवली.

पातेल्यात लगेच पाणी घालून ठेवा हं. नाचणी वाळली की तारेच्या घासणीलाही दाद देत नाही.