फुप्फुसाबाहेरील क्षय : यंत्रे आली, नमुन्याचे काय?

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कामगाराच्या मानेवर गाठ आली आणि ती क्षयाची असली, तरी त्याला बहुधा खोकला नसतो आणि तपासणीसाठी थुंकीही मिळत नाही. देशात नोंद होणाऱ्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्णांचा आजार असा फुप्फुसाबाहेर, म्हणजे लसिकाग्रंथी, फुप्फुसावरण, मणका किंवा मेंदूचे आवरण येथे असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी नमुन्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १० हजार जंतू असावे लागतात. गाठीत किंवा छातीतील पाण्यात ते बहुधा त्याहून पुष्कळ कमी असतात. जंतूंचे संवर्धन अधिक भरवशाचे, परंतु द्रव माध्यमातही जंतू नसल्याचा अहवाल देण्यास सहा आठवडे लागतात. रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्या झटपट उत्तर देत. ते उत्तर दिशाभूल करणारे ठरल्याने केंद्र सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मेंदूजल व लसिकाग्रंथींच्या नमुन्यांसाठी एक्सपर्ट या जनुकीय चाचणीची शिफारस केली. सुमारे दोन तासांत जंतूचे आणि रिफाम्पिसिन या औषधास असलेल्या प्रतिरोधाचे निदान त्यामुळे शक्य झाले. बेंगळुरूत विकसित झालेल्या व गोव्यातील कंपनीने बाजारात आणलेल्या ट्रूनॅटला संघटनेची मान्यता २०२० मध्ये मिळाली. ती मात्र फुप्फुसाच्या क्षयापुरती होती. छातीतील पाण्यात तर एक्सपर्टही अनेकदा चुकते. चाचणीत जंतू आढळले नाहीत, एवढ्यावरून क्षय नाही असे म्हणता येत नाही.

खरी अडचण यंत्रापाशी पोहोचण्यापूर्वीच उद्भवते. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ सवयीने अखंड फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकली जाते. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, संवर्धन अशक्य होते आणि जनुकीय चाचणीचा भरवसाही उरत नाही. ऊतींच्या तपासणीत क्षयाची लक्षणे दिसतात, पण औषध लागू पडेल की नाही, हे कळत नाही. गाठीचा एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवला, तर हे टळते. त्यासाठी लागते ती एक जादा बाटली आणि शल्यचिकित्सकाने प्रयोगशाळेला आधी दिलेली सूचना.

कामगाराच्या दृष्टीने हा प्रश्न वेतनाचाही आहे. कामगार राज्य विमा योजनेत क्षयरोग दीर्घ आजारांच्या यादीत असून, पात्र विमाधारकास वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. सर्वसाधारण आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांचा आणि ७० टक्के दराचा. फॉर्मॅलिनमुळे दुसऱ्यांदा गाठ काढावी लागली, तर निदानाच्या प्रतीक्षेतील दिवस या ९१ दिवसांतून वजा होत राहतात.