मेमरी कार्ड घेण्याआधी

मरहूम अब्बांची तिलावत आमच्या जुन्या मोबाइलमधल्या कार्डावर आहे. कार्ड भरले म्हणून रमजानआधी आम्ही ६४ जीबीचे नवे आणले. मोबाइलने ते ओळखलेच नाही. चूक कार्डाची नव्हती, आम्हीच न पाहता घेतले.

कार्डावरची अक्षरे वाचावीत. एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत आणि एसडीएक्ससी त्यापुढे २ टीबीपर्यंत असते. नव्या मोबाइलमध्ये जुन्या प्रकारचे कार्ड चालते. जुन्यात नवे चालेलच असे नाही. म्हणून मोबाइलसोबतच्या पुस्तिकेत किती जीबीपर्यंत चालते ते आधी पाहावे. व्हिडिओ काढायचे असतील तर गोलातला १० आकडा बघावा. म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिले जाते.

फार स्वस्त कार्डापासून जपावे. वर १२८ छापलेले, आत जागा थोडीच! नंतर टाकलेल्या फायली उघडतच नाहीत. घेतल्याबरोबर कार्ड पूर्ण भरून, फायली उघडून पाहाव्यात.

जुने कार्ड पुसून भाच्याला द्यायचे ठरले होते. अल्लाहचा शुक्र, थांबलो. आता अब्बांच्या आवाजाची एक प्रत संगणकावर आहे, एक आपाकडे. अशी अमानत एकाच कार्डाच्या भरवशावर ठेवू नये.