डॉक्टरांच्या हातची रेघ

व्यंगचित्रांच्या दुनियेत डॉक्टर हा फार जुना रहिवासी आहे. त्याचे न वाचता येणारे अक्षर, त्याची फी, ऑपरेशन टेबलावरचा घाबरलेला रुग्ण आणि त्याहूनही घाबरलेला शिकाऊ सर्जन या विषयांवर आपल्या दिवाळी अंकांची किती पाने सजली असतील याची गणती नाही. आपणही ती पाने चवीने पाहिली आणि वेटिंग रूममध्ये रुग्णांसाठी ठेवली. परंतु या चित्रांतला डॉक्टर बहुधा बाहेरून पाहिलेला असतो. टेबलाच्या अलीकडून, म्हणजे आपल्या खुर्चीतून, माणसे कशी दिसतात याचे चित्र मराठीत क्वचितच पाहायला मिळते. ते आपणच काढले पाहिजे, आणि ते काढायला शिकणे वाटते तितके अवघड नाही, असे माझे मत आहे.

हा विषय निघाला की समव्यावसायिक मित्रांकडून एकच उत्तर येते, "आम्हाला कुठे चित्र काढता येते?" या मित्रांना मी त्यांच्या हिस्टॉलॉजीच्या जर्नलची आठवण करून देतो. गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिली घेऊन यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड यांच्या आकृत्या आपण सर्वांनीच रात्र रात्र जागून काढल्या आहेत. मायक्रोस्कोपखाली दिसणारा सगळा पसारा त्या आकृतीत नसे. ज्या खुणेवरून तो अवयव ओळखू येतो, तेवढीच खूण ठळक करायची आणि बाकीचे गाळायचे, हे आपण तेथे शिकलो. व्यंगचित्रकार चेहऱ्याच्या बाबतीत दुसरे काय करतो? नेमके लक्षण हेरणे आणि अनावश्यक ते सोडून देणे, ही त्याच्या कलेची पहिली पायरी आपण अभ्यासक्रमातच ओलांडलेली आहे.

व्यंगचित्रकलेचा इतिहासही या भीतीला फारसा आधार देत नाही. आर. के. लक्ष्मण यांना मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. वसंत सरवटे (१९२७-२०१६) हे शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर. सिमेंट कंपनीतील नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर रेखाटने केली. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने लिहीत. त्या ठणठणपाळाला वाचकांच्या मनात चेहरा मिळाला तो सरवट्यांच्या रेषेमुळे. 'परकी चलन' या पुस्तकातून त्यांनी परदेशी व्यंगचित्रांची ओळख मराठी वाचकाला करून दिली. दिवसभर दुसरा व्यवसाय करणाऱ्या माणसाने या कलेचा इतका सखोल विचार करावा, हे आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शि. द. फडणीस यांनी मात्र जे. जे. मध्ये रीतसर शिक्षण घेतले. म्हणजे शिक्षणाचा अडसर कोणालाच नाही, आणि उपयोग सर्वांनाच आहे.

मग शिकायचे कसे? सुरुवात अनुकरणाने करायला हरकत नाही. शास्त्रीय गायनात शिष्य आधी गुरूच्या गळ्यातून निघालेली जागा जशीच्या तशी घोटतो. आपणही रेसिडेन्सीच्या काळात राउंडवर आपल्या सरांसारखेच बोलत होतो, त्यांच्यासारखेच पेन खिशाला लावत होतो. पुढे स्वतःचे रुग्ण पाहता पाहता ते बोलणे गळून पडले आणि आपले असे काही उरले. चित्रांचेही तसेच आहे. फडणिसांची मांजरे, लक्ष्मण यांचे गांधी टोपीवाले पुढारी खुशाल गिरवावेत. हात वळतो आणि रेघ कोठे थांबते ते कळते. मात्र स्वतःचा सूर त्या गिरवण्यातून मिळत नाही. तो मिळतो आपण काय पाहतो आणि काय वगळतो यातून.

लक्ष्मण यांचेच उदाहरण घ्यावे. आरंभी ते चित्रांतून भारतीय जनता दाखवण्यासाठी निरनिराळ्या प्रांतांतील, निरनिराळ्या वेषांतील माणसांची गर्दी काढीत. दैनिकाच्या वेळेचे बंधन फार कडक. म्हणून ते एकेक माणूस कमी करत गेले आणि अखेरीस चौकड्यांच्या कोटातला, धोतर नेसलेला एकच मनुष्य उरला. १९५१ पासून तो 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या पानावर उभा राहिला आणि पुढे कित्येक दशके एक शब्दही बोलला नाही. ज्याला आपण लक्ष्मण यांची खास ओळख म्हणतो, ती अशी वजाबाकीतून जन्मली.

फडणिसांनी शब्दच वजा केले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी 'मोहिनी' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी मांजरांच्या नक्षीची साडी नेसलेली स्त्री आणि उंदरांच्या नक्षीचा शर्ट घातलेला पुरुष एकत्र आणला. खाली ओळ नाही, संवाद नाही. तरीही पाहणारा हसतो, कारण गोष्ट त्याच्या मनात पुरी होते. २९ जुलै २०२५ रोजी फडणिसांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली, आणि त्यांचे ते चित्र आजही समजावून सांगावे लागत नाही.

एका चौकटीतून अनेक चौकटींकडे गेलो की व्यंगचित्राची चित्रकथा होते. 'सकाळ'मध्ये १९९१ साली सुरू झालेली चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची 'चिंटू' ही मालिका मराठी घरांत रोज सकाळी वाचली जाई, ती तीन-चार चौकटींच्या बळावर. चित्रकथेची खरी गंमत चौकटीत नसून दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत असते. पहिल्या चौकटीत मुलाच्या हातात चेंडू आहे, दुसऱ्या चौकटीत शेजाऱ्यांची खिडकी फुटलेली आहे. चेंडू फेकल्याचे चित्र वाचक स्वतःच काढतो. कोणते क्षण दाखवायचे आणि कोणते त्या पट्टीत टाकायचे, ही निवड म्हणजेच कथनकला.

येथे आपली केस हिस्टरी उपयोगी पडते. त्रास कधी सुरू झाला, कसा वाढत गेला, कशाने कमी-जास्त झाला, आणि आज रुग्ण का आला? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा रोगापेक्षा वेगळे असते. सहा महिने दुखत असलेला गुडघा आज दाखवायला आणला, कारण परवा मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत आणि त्यांच्यासमोर लंगडायचे नाही. ही चार चौकटींची तयार चित्रकथा आहे. ज्यांना प्रारंभ करायचा आहे त्यांना मी एवढेच सुचवीन, की दिवसभरात घडलेला असा एक प्रसंग रात्री चार चौकटींत काढावा. माणसे काडीची असली तरी चालतील. शब्द लिहू नयेत. तो कागद घरच्यांना किंवा दवाखान्यातील सिस्टरला दाखवावा आणि आपण गप्प बसावे. पाहणारा ज्या चौकटीपाशी अडेल, तीच पुन्हा काढावी. महिनाभरात आपल्याला वारंवार काय दिसते हे आपल्यालाच कळू लागते. एखाद्याला रुग्णांचे हात दिसतात, एखाद्याला बरोबर आलेले नातेवाईक. तो ज्याचा त्याचा सूर.

या वाटेने गेलेले डॉक्टर काही कमी नाहीत. जपानमधील ओसामू तेझुका यांनी ओसाका विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली आणि नंतर चित्रकथेलाच वाहून घेतले. १९७३ ते १९८३ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'ब्लॅक जॅक' या मालिकेचा नायक परवाना नसलेला, पण असामान्य हाताचा सर्जन आहे. डॉक्टरी न शिकलेल्या माणसाला ती मालिका सुचणे कठीण होते. वेल्समधील जनरल प्रॅक्टिशनर इयान विल्यम्स यांनी २००७ साली 'ग्राफिक मेडिसिन' ही संज्ञा रूढ केली. २०१४ च्या आपल्या 'द बॅड डॉक्टर' या चित्रकादंबरीत त्यांनी स्वतः मंत्रचळाने ग्रासलेला डॉक्टर रंगवला. आपल्याकडे डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२) यांनी चित्रे, ओरिगामी, लाकडातील कोरीवकाम, बासरी हे सारे कोणतीही पदवी न घेता आपलेसे केले आणि 'छंदांविषयी' हे पुस्तक लिहिले. ही सारी मंडळी आपल्या व्यवसायाने जे दाखवले तेच घेऊन कागदाकडे गेली.

सुरतेत राहणाऱ्या आपणांस यासाठी दूर पाहण्याचेही कारण नाही. गुजराती घरांतील पिढ्या ज्यांच्यावर वाढल्या ते हरिप्रसाद व्यासांचे 'बकोर पटेल' याच शहरातील 'गांडीव' या बालपाक्षिकातून १९३६ पासून सुमारे दोन दशके येत राहिले. बकोर पटेल म्हणजे बोकड. त्याची पत्नी शकरी पटलाणी, वकील वाघजीभाई, हत्तीच्या रूपातले हाथीशंकर धमधमिया. तनसुख आणि मनसुख या बंधूंच्या चित्रांनी त्यांना रूप दिले. प्राण्यांची तोंडे असलेले हे संसारी, खर्चिक, हौशी गृहस्थ अस्सल गुजराती आहेत.  आपल्या दवाखान्यातही अशीच अस्सल पात्रे रोज येतात, फक्त त्यांना अजून चित्रकार भेटलेला नाही.

त्यांची भाषा तर पाहा. ताप्ती व्हॅली रेल्वेच्या मार्गाने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडून आलेली खानदेशी कुटुंबे लिंबायत, उधना भागांत पिढ्यान् पिढ्या वसली आहेत. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालत आल्या आहेत. एका सकाळच्या ओपीडीत अहिराणी, सुरती गुजराती, ओडिया वळणाची हिंदी आणि आपली पुस्तकी मराठी एकमेकींना धडकतात. या गर्दीत चित्र ही कोणालाच परकी नसलेली भाषा आहे.

माझा एक अनुभव येथे सांगतो. पॉवरलूमवर काम करणाऱ्या एका मधुमेही रुग्णाला गोळ्यांचा छापील तक्ता कोणीतरी दिला होता. सकाळच्या गोळीपुढे सूर्य, रात्रीच्या गोळीपुढे चंद्र. तक्ता देखणा होता. रुग्णाने मला विचारले, "साहेब, या आठवड्यात माझी रातपाळी आहे. सूर्य उगवला की मी झोपतो. मग सूर्याची गोळी कधी घ्यायची?" बारा तासांची पाळी आणि तीही आलटून पालटून, त्याच्या दिवसाला सूर्याशी काही कर्तव्य नव्हते. त्याचे घड्याळ म्हणजे त्याचा जेवणाचा डबा. मी कागदावर चार चौकटी काढल्या. बंद डबा आणि शेजारी गोळी, उघडलेला डबा, लूमपाशी उभा असलेला माणूस, आणि अखेरच्या चौकटीत रिकामा डबा व काट मारलेली गोळी. म्हणजे जेवण चुकले तर ती गोळी घ्यायची नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्याच खोलीत राहणारे आणखी दोघे माझ्याकडे आले आणि "डब्याचे चित्र" मागू लागले.

त्या चित्रात कलाकुसर काहीच नव्हती. लूम तर ओळखू येणेही मुश्कील होते. परंतु सूर्याऐवजी डबा काढावा हे त्या माणसाशी बोलल्याखेरीज सुचले नसते. आजकाल संगणकाला चार शब्द सांगितले की तो हव्या त्या शैलीत, हव्या तेवढ्या सफाईने चित्र काढून देतो. २०२५ साली आपल्यापैकी अनेकांनी आपली कौटुंबिक छायाचित्रे जपानी चित्रपटांच्या शैलीत रंगवून घेतली आणि एकमेकांना पाठवली. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या यंत्राला डबा काढ असे सांगायला आधी कोणाला तरी डबा दिसलेला असावा लागतो. शैली बाजारात मिळते. पाहणे ज्याचे त्यालाच करावे लागते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. आपल्या खोलीत रुग्ण विश्वासाने उघडा होतो. त्याचा चेहरा, नाव, गाव, ओळख पटेल असा व्याधीचा तपशील चित्रात येता कामा नये. प्रसंग बदलून, पात्रे मिसळूनच काढावा. आणि हसावे कोणाला, याचाही विचार असावा. अडाणी रुग्णाला हसणे सोपे असते, पण त्यातून डॉक्टरचाच उथळपणा दिसतो. सूर्य-चंद्राच्या तक्त्याचे व्यंगचित्र काढायचे झाले तर विनोद तक्ता छापणाऱ्यावर व्हावा, दिवसा झोपणाऱ्यावर नव्हे. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस कधीही हास्याचा विषय झाला नाही, तो कायम साक्षीदार राहिला.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. आपल्या पुढच्या पिढीतील बरीच मुले मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. आपण मोठ्या हौसेने स्मरणिका काढतो. घरी आल्यावर ती मुले स्वतःचे छायाचित्र शोधतात आणि अंक मिटतात. मराठी लेखांची संख्या वाढवून हे बदलेल असे मला वाटत नाही. परंतु आईने किंवा बाबांनी काढलेली, त्यांच्या दवाखान्यातली चार चौकटींची गोष्ट असेल, तर तिच्याखालची एक ओळ ती मुले नक्की वाचतील. एक ओळ वाचली तर पुढच्या वर्षी दोन वाचतील.

तेव्हा पुढील स्मरणिकेत दोन पाने सभासदांच्या चित्रकथांसाठी राखून ठेवावीत, अशी संपादक मंडळास माझी विनंती आहे. निवड करताना रेषेची सफाई पाहू नये. वर्षभर दवाखान्यात बसून या डॉक्टरला असे काय दिसले, जे दुसऱ्या कोणाला दिसले नाही, एवढेच पाहावे. सभासदांनीही कागद-पेन्सिलीसाठी वेगळी सवड शोधत बसू नये. औषध कंपन्यांनी दिलेल्या पॅडांची मागची बाजू आपल्या सर्वांच्या टेबलावर कोरीच पडलेली आहे.