विश्लेषण : दहा हजार पावले, २१ दिवस, पहाटेचे पाच... ‘आदर्श दिनचर्ये’चे आकडे आले कुठून?

जानेवारीचा पहिला पंधरवडा सरला की व्यायामशाळांतील गर्दी ओसरू लागते आणि मनगटावरचे घड्याळ ‘आज फक्त ३ हजार पावले’ म्हणून टोमणे मारू लागते. पहाटे पाचला उठा, दहा हजार पावले चाला, २१ दिवस सवय टिकवा, आठ ग्लास पाणी प्या, असे सल्ले शहरांतल्या नोकरदार तरुणांपर्यंत रोज पोहोचतात. हे आकडे पाळता आले नाहीत की अपराधी वाटते. पण त्यांना आधार किती? आणि ते पाळण्यासाठी लागणारा वेळ तरुणांच्या हातात आहे का?

दहा हजार पावलांचा नियम कुणी केला?

हा नियम डॉक्टरांनी नव्हे, एका जपानी कंपनीने लोकप्रिय केला. टोकियोत १९६४ मध्ये ऑलिम्पिक झाले आणि जपानमध्ये व्यायामाची हवा तयार झाली. पुढच्याच वर्षी ‘यामासा’ या कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव ‘मानपो-केई’. ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘पो’ म्हणजे पाऊल आणि ‘केई’ म्हणजे मोजणारे. नाव जिभेवर बसणारे, आकडा गोल. यंत्र खपले आणि आकडा साठ वर्षांनंतर आपल्या फोनमध्ये येऊन बसला.

संशोधन बरेच नंतर झाले. हार्वर्डच्या आय-मिन ली यांनी अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १६,७०० महिलांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला साधारण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्या महिलांमध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्के कमी आढळले. साडेसात हजारांनंतर मात्र हा फायदा वाढेनासा झाला. सिडनी विद्यापीठाच्या पुढाकाराने ५७ अभ्यासांचा घेतलेला आढावा जुलै २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आला. त्यात २ हजारांच्या तुलनेत ७ हजार पावलांना मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी दिसला. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत, म्हणजे जे मुळात धडधाकट आहेत तेच जास्त चालत असण्याची शक्यता उरतेच. तरी ७ हजार हा आकडा दहा हजारांपेक्षा अधिक भरवशाचा म्हणावा लागेल.

आता डोंबिवलीहून लोकलने परळला जाणारा कर्मचारी स्थानकांचे पूल ओलांडतानाच यातली बरीच पावले न मोजता चालतो. पुण्यात सोसायटीच्या वाहनतळातून दुचाकी काढून थेट हिंजवडीतल्या कंपनीच्या वाहनतळात लावणाऱ्याला मात्र ती मुद्दाम चालावी लागतात. आळस दोघांत सारखाच असेल, शहराची रचना वेगळी आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४ च्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत. महिलांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के आहे.

२१ दिवसांत सवय लागते?

या समजुतीचे मूळ प्लास्टिक सर्जरीत आहे. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी शल्यविशारदाने १९६० मधील ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात आपले निरीक्षण नोंदवले, की रुग्णांना आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात. पुढे प्रेरणादायी वक्त्यांच्या तोंडी यातले ‘किमान’ गळले, चेहराही गळला, २१ तेवढे उरले.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे प्रयोग केला. जेवणाबरोबर फळ खाणे, रात्रीच्या जेवणापूर्वी १५ मिनिटे धावणे अशी एकच गोष्ट प्रत्येकाने निवडायची होती. ती आपोआप घडू लागायला लागलेला मध्यम कालावधी ६६ दिवसांचा निघाला. पण माणसामाणसांतला फरक प्रचंड होता, कुणाला १८ दिवस, तर कुणाला २५४. (प्रयोगच ८४ दिवसांचा होता, त्यामुळे २५४ हा आकडा गणिताने पुढे ताणलेला आहे. त्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये.) सोप्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला वेळ लागला. या अभ्यासातील सर्वात कामाची गोष्ट मात्र समाजमाध्यमांवरील चित्रफितींत क्वचित सांगितली जाते. मधे एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. ‘साखळी तुटली, आता सोमवारपासून’ हे आपण स्वतःला दिलेले सोयीचे कारण आहे.

अर्थात सोमवारचेही एक शास्त्र आहे. आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या सुरुवातीला लोक व्यायामशाळेत अधिक जातात, असे अमेरिकी संशोधकांना २०१४ मधील अभ्यासात आढळले. कॅलेंडरवरची नवी सुरुवात जुन्या अपयशांपासून अंतर तोडायला मदत करते, असे त्यांचे म्हणणे. या बाबतीत मराठी माणूस सुदैवी म्हणायचा. जानेवारीचा संकल्प सुटलेल्यांसाठी गुढीपाडवा आहे.

पहाटे पाचच्या ‘क्लब’चे सदस्य कोण?

कॅनडातील लेखक रॉबिन शर्मा यांचे ‘द फाइव्ह एएम क्लब’ २०१८ मध्ये आले आणि भारतातल्या पुस्तकांच्या दुकानांत दर्शनी भागी जाऊन बसले. पहाटे पाच ते सहा या तासाचे २० मिनिटांचे तीन भाग करायचे, पहिल्यात व्यायाम, दुसऱ्यात चिंतन, तिसऱ्यात अभ्यास, असे त्यातले सूत्र. सूत्रात वाईट काही नाही. प्रश्न आदल्या रात्रीचा आहे. प्रौढांना किमान सात तास झोप हवी, म्हणजे पाचला उठणाऱ्याने दहाला झोपलेले असायला हवे. अमेरिकी ग्राहकाबरोबरची बैठक रात्री साडेदहाला सुरू होत असेल, तर पहाटेचा गजर हा झोपेवरचा दरोडा ठरतो.

शिवाय शरीराचे घड्याळ सर्वांचे एक नसते. लवकर किंवा उशिरा झोप येण्याचा कल काही अंशी आनुवंशिक असतो आणि विशीच्या आसपास तो सर्वाधिक उशिराकडे झुकलेला असतो. ‘आजकालची मुले दहापर्यंत लोळतात’ या घरोघरच्या तक्रारीत थोडे जीवशास्त्रही आहे. (आईला हे सांगून उपयोग नाही.)

आपल्याकडे पहाटे पाचचा क्लब पुस्तक येण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू आहे. नळाला पाणी येण्याची वेळ, दूध, डबे, मुलांची शाळा... त्याच्या सदस्या मुख्यतः बायका आहेत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकामात भाग घेणाऱ्या महिलांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे वेळ जातो. नोकरी करणाऱ्या तरुणीला ‘स्वतःसाठी एक तास काढ’ असे सांगताना हा फरक लक्षात घ्यायला हवा. घरातल्या पुरुषाने सकाळचे डबे भरले तर तिचा तो तास खरोखर निघेल. असा सल्ला देणारी चित्रफीत अजून नजरेस पडलेली नाही.

आठ ग्लास पाण्याचे काय?

अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ मध्ये दिवसाला अडीच लिटर पाण्याची शिफारस केली. त्यातले बरेचसे पाणी अन्नातूनच मिळते, हे पुढचे वाक्यही तिथेच होते, पण ते वाचले गेले नाही. वरण, ताक, काकडी, चहा हे सारे हिशेबात धरायचे असते. निरोगी माणसाने तहान लागेल तसे प्यावे, चैत्र-वैशाखात आणि घाम गाळल्यावर अधिक.

मग वेळ जातो कुठे?

दिनचर्येचे सारे सल्ले गृहीत धरतात की दिवसाचे उरलेले तास आपल्या मालकीचे आहेत. ‘इन्फोसिस’चे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला. सहा दिवसांचा आठवडा धरला तरी रोजचे ११ तास ४० मिनिटे होतात. जानेवारी २०२५ मध्ये ‘एल अँड टी’चे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० तासांवर पोहोचले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २० किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांत कामाचे दैनंदिन तास नऊवरून दहा, तर कारखान्यांत नऊवरून १२ करण्यास मंजुरी दिली. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादाही १४४ तासांपर्यंत वाढवण्यात आली.

दहा तास काम, येण्याजाण्याचे तीन तास आणि झोपेचे सात मिळून २० तास होतात. उरलेल्या चारांत अंघोळ, जेवण, घर, माणसे आणि आत्मविकास बसवायचा. वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या ‘टॉमटॉम’च्या २०२४ च्या अहवालात पुण्यात दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे लागत होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ मधील अभ्यासानुसार आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. हे नुकसान सकाळच्या लिंबूपाण्याने भरून निघण्यासारखे नाही.

उरलेल्या चार तासांत काय जमेल?

बरेच काही, पण छोटे. ब्रिटनमधील व्यायाम न करणाऱ्या सुमारे २५ हजार जणांच्या अभ्यासात (२०२२) दिवसातून तीनदा एक-दोन मिनिटांची दमवणारी हालचाल करणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३८ ते ४० टक्क्यांनी कमी आढळला. झपाझप जिने चढणे, बस पकडायला धावणे हेही यात येते. दादरचा पूल चढून धावत गाडी बदलणाऱ्यांना वेगळे सांगायला नको (सुटलेली गाडी मात्र सोडून द्यावी). ‘व्यायाम करीन’ असे मोघम ठरवण्यापेक्षा ‘दुपारचा डबा खाल्ला की दोन मजले चढीन’ असे जोडून ठरवले तर ते घडण्याची शक्यता वाढते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९० च्या दशकापासून दाखवून दिले आहे. एका वेळी एकच सवय घ्यावी. आणि झोप कापून काहीही करू नये, व्यायामसुद्धा.

कार्यालयानंतर फोन उचलला नाही तर?

हा हक्क कायद्याने मिळावा, असे प्रयत्न सुरू आहेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून तशी तरतूद आहे. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’ विधेयक पुन्हा मांडले. कामाच्या वेळेनंतर आलेले फोन आणि ईमेल नाकारण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला असावा, असे त्यात सुचवले आहे. मात्र ते खासगी विधेयक आहे. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयके संसदेने संमत केली, त्यांतले शेवटचे १९७० मध्ये.