भिवंडीच्या धुराला गिऱ्हाईक शेजारीच आहे

धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडून उद्योगात वापरणे हे बड्यांचे काम, भिवंडीच्या सायझिंग-डाईंगवाल्यांनी त्या फंदात पडू नये, असे ठासून सांगितले जाते. त्यात एक गोष्ट खरी आहे. एनटीपीसीने विंध्याचलला पकडलेल्या वायूपासून मिथेनॉल करायचे ठरवले. त्याला हायड्रोजन लागतो आणि पाण्यापासून हायड्रोजन काढायला भरमसाट वीज. भिवंडीच्या लहान बॉयलरमालकाला हे झेपणार नाही. म्हणून भिवंडीत काहीच होणार नाही, असे मात्र ठरत नाही.

तुतिकोरिनच्या सोडा अॅश कारखान्याने 2016 मध्ये आपल्याच कोळशाच्या बॉयलरमधला वायू पकडून मालात वापरायला सुरुवात केली. क्षमता वर्षाला 60,000 टन, तीही सरकारी अनुदानाशिवाय. वायूला गिऱ्हाईक त्याच आवारात होते म्हणून हे परवडले.

तसे गिऱ्हाईक भिवंडीतही आहे. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग पक्का बसावा म्हणून सोडा अॅश, कॉस्टिक घालतात. त्यामुळे डाईंगचे सांडपाणी अल्कधर्मी होते. ती अल्कता उतरवायला गंधकाम्ल विकत आणले की पैसा जातो आणि पाण्यात सल्फेटची भर पडते. कोळशाच्या बॉयलरच्या धुरात साधारण 10 ते 14 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. राख धुऊन काढून तो धूर सांडपाण्यातून सोडला, तर कॉस्टिकचे आधी कार्बोनेट आणि मग बायकार्बोनेट होते. शुद्ध वायू वेगळा काढण्याचा खर्च वाचतो. शिवाय कार्बोनिक आम्ल सौम्य असल्याने मात्रा जास्त होऊन पाणी आंबट होण्याची भीतीही कमी. कापडगिरण्यांना ही रीत नवीन नाही.

याने कोळशाला जीवदान मिळेल, हा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. सांडपाण्यात मुरेल तो वायू एकूण धुराचा लहानसा हिस्सा, हे मी मान्य करतो. भिवंडीची हवा एवढ्याने शुद्ध होईल असे सांगणारा फसवतो आहे. पण चिंध्या आणि प्लास्टिक जाळणाऱ्या बॉयलरचा धूर या कामाला चालतच नाही, त्यातले विष पाण्यात उतरेल. म्हणजे ही रीत घेणाऱ्याला आधी इंधन सुधारावे लागेल, आणि कामवारी नदीकाठच्या लोकांची मागणी तरी दुसरी काय आहे?

पवईच्या आयआयटीत कार्बन पकडून वापरण्याच्या विषयाचे राष्ट्रीय केंद्र आहे. भिवंडीतल्या सरवलीच्या डाईंगवाल्यांनी त्याचे दार ठोठावावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका डाईंगमध्ये वर्षभर हा प्रयोग करू द्यावा आणि आम्लाचा खर्च व पाण्याचे अहवाल भिवंडीकरांसमोर ठेवावेत.