पोटमाळा : वीस खोल्या, एक दार

मंडळी, मागच्या दिवाळीला या सदरात फराळाचे डबे फ्रीजरमध्ये कसे कोंबावेत यावर लिहिलं होतं. यंदाही विषय जागेचाच आहे, फक्त जागा तुरुंगातली आहे. घाबरू नका, घरातलं कोणी आत गेलेलं नाही.

जूनमध्ये परीक्षा संपली त्या संध्याकाळी आमच्या ईशानने तुरुंग बांधायला घेतला. ‘प्रिझन आर्किटेक्ट’ हा खेळ तुमच्याही मुलांकडे असेल. इंट्रोव्हर्शन सॉफ्टवेअर या इथल्याच ब्रिटिश कंपनीने तो बनवला आणि २०१५ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आणला. चौकटीच्या कागदासारखी मोकळी जमीन मिळते. तिच्यावर भिंती घालायच्या, वीज-पाणी न्यायचं, स्वयंपाकी आणि पहारेकरी नेमायचे, आणि मग बस भरभरून कैदी येतात. कोठडी कमीत कमी दोन बाय तीन चौकोनांची हवी. आत खाट आणि संडास. खाटेचे दोन, संडासाचा एक, उरलेले तीन चौकोन कैद्याला.

जमीन विकत घ्यावी लागते, म्हणून ईशानला कमीत कमी जागेत जास्तीत जास्त कोठड्या हव्या होत्या. त्याने त्या आडव्या मांडल्या होत्या, लांब बाजू बोळाकडे. दोन्हीकडे दहा-दहा, मधे दोन चौकोनांचा बोळ. मी पडले हिशेबनीस, मला राहवेना. वाणसामानाच्या यादीमागे आकडे मांडले. आडव्या कोठड्या, मधल्या भिंती धरून, एक्केचाळीस लांब आणि दहा रुंद : ४१० चौकोन. त्याच उभ्या केल्या, म्हणजे अरुंद बाजू बोळाकडे, की एकतीस लांब आणि बारा रुंद : ३७२. बोळही दहा चौकोनांनी आखूड. “आई, कमाल आहेस!” म्हणाला. सोळा वर्षांच्या मुलाकडून हे वाक्य वर्षातून एकदाच मिळतं, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

असे दोन गाळे पाठीला पाठ लावून बांधले तर मधली भिंत एकच लागते, आणखी एकतीस चौकोन वाचतात. पण मग आतल्या दोन रांगांना बाहेरची खिडकी मिळत नाही, आणि खिडकी नसली की खेळ त्या कोठडीचा दर्जा खाली धरतो. संडास कुठे असावा हाही मोठा प्रश्न. कैदी भुयार खणतात ते संडासातूनच. म्हणून संडास बाहेरच्या भिंतीपासून लांब, बोळाच्या बाजूला, अगदी दाराशी. मी म्हटलं, “दाराशी संडास? शी!” तो म्हणाला, “आई, गेममध्ये वास नसतो.”

पूर्ण झालेला नकाशा त्याने दाखवला आणि मी बघतच राहिले. मधे अंधारा बोळ, दोन्ही हातांना दहा-दहा खोल्या. ही तर आमची चाळ! वरळीच्या बीडीडी चाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. १९२०च्या दशकातल्या, तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याला सामायिक. आमची खोली संडासापासून दुसरी, तेव्हा वासाबद्दल मला कोणी शिकवू नये.

लंडनचा पेंटनव्हिल तुरुंग १८४२ सालचा, अजून चालू आहे. त्याची मूळ कोठडी तेरा फूट बाय सात, एका कैद्याला एक. म्हणजे ९१ चौरस फूट. आम्ही १६० मध्ये सात जण होतो. मात्र पेंटनव्हिलमध्ये कैद्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम होता. बाहेर काढताना चेहरा झाकणाऱ्या टोप्या घालत. आमच्या मजल्यावर मी गणितात नापास झाले हे आई-बाबांना कळण्याआधी नऊ नंबरच्या काकूंना कळलं होतं.

ईशानचा तुरुंग तिसऱ्या दिवशी पेटला. जागा इतकी वाचवली होती की चाळीस कैद्यांना जेवणघराकडे जायला एकच दार. ते दार पहारेकरी आल्याशिवाय उघडत नाही. रांग लागायची, ती पुढे सरकेपर्यंत जेवणाची वेळ संपायची, उपाशी माणसं परत कोठडीत. मग दंगल. त्याने आणखी पहारेकरी नेमले, तरी पुन्हा दंगल. मी म्हटलं, पाळ्या लाव. आमच्याकडे सकाळी पाण्याला आणि संडासाला रांग असायची, पण कोण कधी जाणार हे ठरलेलं असे, बादली ठेवली की नंबर लागला. शोधल्यावर सापडलं : कैद्यांचे गट करून प्रत्येकाला वेगळं वेळापत्रक देता येतं. एक गट जेवायला, तेव्हा दुसरा अंघोळीला. दुसरं दार पाडलं आणि बोळ दोनाचा चार केला. वाचवलेले चौकोन सगळे परत गेले.

याच ऑगस्टमध्ये आईला नव्या इमारतीतल्या घराची चावी मिळाली. ५०० चौरस फूट, आत स्वतःचा संडास, अकरावा मजला. बाबांना हे बघायला मिळालं नाही. आम्ही सगळ्यांनी पेढे वाटले, आणि दुसऱ्या आठवड्यापासून आई फोनवर गप्प गप्प. काय झालं विचारलं तर म्हणे, “काही नाही गं, घर छान आहे. दिवसभरात कोणी दिसत नाही इतकंच.” सहा महिने इकडे ये म्हटलं, तर म्हणाली, तिथे तरी कोण दिसतं? मला उत्तर देता आलं नाही. आमच्या शेजाऱ्यांचं नाव मला तीन वर्षांनी कळलं, तेही त्यांचं पार्सल आमच्याकडे आलं म्हणून.

परवा व्हिडिओ कॉलवर ईशानने तिला नकाशा दाखवला. आजी चष्मा लावून बघत होती. “आजी, बोळ चार चौकोन पुरे? तुम्ही कुठे बसायचात?”

“दाराशी. आणि कुठे?”

मग तिने फोन फिरवला. घराचं दार उघडं होतं आणि पुढे खुर्ची टाकलेली. अकराव्या मजल्यावर वाऱ्याने दार धाडकन लागतं, म्हणून खाली वरवंटा लावला होता. नऊ नंबरच्या काकू आता चौदाव्या मजल्यावर आहेत. लिफ्टने खाली जाताना मधे उतरतात, असं ती म्हणाली.

“इथे पण दारं दिवसा उघडी ठेवता येतात,” ईशान स्क्रीनकडे बघत म्हणाला, आणि एकेका दारावर क्लिक करत सुटला.