चिलटांचं पाणी

दिवाळी सरली की एक पत्र या कार्यालयात हमखास येतं. यंदा तीन आली. मजकूर थोड्याफार फरकानं एकच: नाताळात आठ दिवस सुट्टी आहे, नवा फ्लाय रॉड घेतलाय, ट्राऊटसाठी हिमाचलला जावं की काश्मीरला?

कुठेच जाऊ नये. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राऊटवर बंदी असते, काश्मिरात ऑक्टोबर ते मार्च. तीर्थनच्या काठी खोली मिळेल, गरम राजमा-भात मिळेल, गळ मात्र टाकता येणार नाही. ब्राऊन ट्राऊट अंडी घालते ती थंडीतच, वाहत्या पाण्यातल्या बारीक खड्यांत खळगा करून. त्या खड्यांवरून आपण बूट घालून हिंडलो तर पुढच्या हंगामाचे मासे पायाखालीच जातात. रॉड विकणारा हे सांगत नाही, आणि त्यानं सांगावं अशी अपेक्षाही नाही. ते काम आमचं. दर वर्षी करतो, तरी दर वर्षी पत्र येतं.

चौथं पत्र वेगळं होतं. डेन्व्हरला राहणारे एक जुने वर्गणीदार लिहितात की तिकडे धरणाखालच्या नद्या गोठत नाहीत, कारण धरणाच्या तळातून सुटणारं पाणी हिवाळ्यातही बेताचंच गार असतं. त्यामुळे जानेवारीतही ट्राऊट खाते. खाते काय, तर पाण्यातली चिलटं. 'झेब्रा मिज' नावाची फ्लाय ते वापरतात: बारीक हुक, काळा दोरा, त्यावर चांदीच्या तारेचे वेढे, तोंडाशी एक मणी. नवख्या नदीवर पहिल्या दिवशी हात हलवत परत आले, दुसऱ्या दिवशी दगड उलटून पाहिले आणि मग पेटी उघडली, असं त्यांनी लिहिलंय. पत्र वाचताना आम्हाला आमचा लोणी देवकरचा पहिला दिवस आठवला. आम्ही दगड उलटले नव्हते.

पुणे-सोलापूर रस्त्यानं भिगवण मागे टाकून इंदापूरकडे निघालं की लोणी देवकर लागतं. डावीकडे ऊस आणि उसापलीकडे उजनीचं पाणी. धरण १९८० साली पूर्ण झालं. पोटात सुमारे ११७ टीएमसी पाणी. कागदावर ती भीमा नदीच, पण इथली भीमा कोणी नव्या माणसानं पाहिलेली नाही. ती खाली आहे. जुनं पळसदेव तिच्यासोबत बुडालं. पाणी फारच खाली गेलेल्या उन्हाळ्यात पळसनाथाच्या देवळाचं शिखर वर येतं, तेव्हा लोक होडीतून बघायला जातात. अनोळखी नदी म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर यापेक्षा चांगली जागा नाही. पृष्ठभागावर वाचायला काहीच नाही: धार नाही, खळाळ नाही, डोह कुठे ते कळत नाही. सगळीकडे सारखंच करडं पाणी आणि दूर पट्टकदंब हंसांची रांग.

मागच्या जानेवारीत सकाळी सातला आम्ही तिथे उभे राहिलो. तोंडातून वाफ निघत होती. अकरापर्यंत एकाच जागी कास्टिंग चाललं होतं, आणि ते दिसायला फार छान होतं असं आम्हाला वाटत होतं. बाजूला एक भोई जोडपं, मामा आणि मावशी, होडी काठाला लावून जाळ्यातली चिलापी सोडवत बसलं होतं. मामा सत्तरीला टेकलेले. बराच वेळ त्यांनी पाहिलं, मग न राहवून म्हणाले,

"सायेब, तिकडं काय न्हाई. त्ये समदं रान हाय."

रान 'होतं' नाही, 'हाय'. चाळीसहून जास्त वर्षं पाण्याखाली असलेली जमीन त्यांच्या लेखी अजून ज्वारीचं रानच होती. मग त्यांनी हातातल्या माशानंच दिशा दाखवली. ओढा कुठून यायचा, बांध कुठे होता, विहीर कुठे, ओढा भीमेला कुठे मिळायचा. सपाट रानावरचं उथळ पाणी रात्री गारठतं. चिलापी गरम मुलखातली. पाणी वीस अंशांच्या खाली जायला लागलं की तिची भूक मंदावते आणि ती ओढ्याच्या खोल पात्रात उतरते. ऊन चढलं की मग पुन्हा बांधाच्या कडेनं वर येते. थोडक्यात, आम्ही चार तास रिकाम्या शेतात फ्लाय टाकत होतो.

इथे ट्राऊटच्या पुस्तकातला एक नियम उपयोगी पडतो आणि एक पडत नाही. ट्राऊट गार पाण्याची. आपली चिलापी ज्या पाण्यात आखडून बसेल त्या पाण्यात ती मजेत खात असते. त्यामुळे तिथली तापमानं इथे लावू नका. पण थंडीत पहाटेची घाई करू नये, अकरा ते तीन हीच वेळ, फ्लाय खोल आणि सावकाश, हे दोन्हीकडे खरं. पहाटे उठायचंच असेल तर कुंभारगावला जाऊन रोहित पक्षी पाहावेत.

आता चिलटं. दुपारी मामांच्या सांगण्यावरून ओढ्याच्या बाजूला सरकलो आणि एकदाचा काठाचा दगड उलटला. खाली काळा चिखल आणि त्यात नखाएवढ्या, लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या. ही चिलटाची अळी, डासाची नव्हे. शास्त्रीय कुळाचं नाव कायरोनोमिडी. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातलंच ते द्रव्य, आणि त्याच्या जोरावर ती प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही तगते. पुढे तिचा कोश होतो, तो हळूहळू तरंगत वर येतो, पाण्याच्या सायीखाली थोडा वेळ लोंबकळतो आणि फुटून चिलट उडतं. मासा त्याला टिपतो तो याच वर येण्याच्या वाटेवर. डेन्व्हरच्या ट्राऊटचा खुराक तोच, उजनीच्या चिलापीचाही तोच. सायप्रिनस तर या अळ्यांसाठी चिखलात तोंड खुपसून फिरतो. संध्याकाळी ही चिलटं दिव्याच्या खांबाभोवती धुरासारखी घोंगावतात, चावत नाहीत, पण मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यात आणि तोंडात जातात. बारामतीपर्यंत हेल्मेटची काच खाली ठेवूनच जावं लागलं.

बांधायला सोपी फ्लाय आहे: १४ किंवा १६ नंबरचा हुक, लाल दोरा, तांब्याच्या तारेचे विरळ वेढे, डोक्याशी पांढऱ्या लोकरीचा इवलासा झुपका. लीडर बारा फुटांचा. टाकून वीसपर्यंत मोजायचं आणि मग ओढायचं असं की कोणी बघत असेल तर त्याला वाटावं हा माणूस झोपलाय. ओढ जाणवत नाही. लाईनची टोकाकडची ढिलाई किंचित सरळ होते, तेवढंच. आमचे पहिले पाच-सहा मासे तेवढ्यात सुटले.

पण या सोयीबद्दल आनंद मानताना जरा थांबावं लागतं. ट्राऊटच्या ओढ्यात दगड उलटला तर स्टोनफ्लायची पिल्लं सापडतात, ती स्वच्छ पाण्याशिवाय जगत नाहीत. आपल्या दगडाखाली ही लाल अळी एकटीच एवढी फोफावलेली सापडते याचं कारण वर आहे. पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येऊन बसतं. सोलापूर हेच पाणी पितं. ज्या नद्यांनी हे धरण भरतं त्यांच्यात महाशीर होता. आज महाशीराचं बीज लोणावळ्याला वळवणच्या टाटांच्या केंद्रात तयार करावं लागतं आणि उजनीत राज्य चिलापीचं आहे. आपण फ्लायवाले लोक स्वतःला निसर्गाच्या बाजूचे समजतो. मग वहीत माशाचं वजन लिहिताना दगडाखाली काय सापडलं तेही लिहायला काय हरकत आहे? नुसत्या अळ्याच की बरोबर गोगलगायी, शिंपले, मेफ्लाय? तारीख आणि जागेसह अशा नोंदी पाठवा, पुढच्या अंकापासून अर्धं पान त्यासाठी राखलं आहे. वजनांच्या फोटोंची पानं तेवढी कमी होतील, त्याला इलाज नाही.

आणखी एक, आणि यात चर्चा नाही. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट घालून. उजनीवर दुपारनंतर वारा उठला की लाटा समुद्रासारख्या उसळतात. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. कळाशी याच काठावर आहे. परवानगीही आधी विचारा. तुमच्या हौसेचं पाणी हे कोणाच्या तरी पोटाचं पाणी असतं, आणि त्यांच्या जाळ्यावरून लाईन फिरवली की गाठ सोडवण्यात त्यांचीच दुपार जाते. आमची एकदा अडकली. मावशींनी फ्लाय दातानं सोडवून दिली आणि एक शब्द बोलल्या नाहीत, जो आम्हाला चांगलाच लागला.

दोनच्या सुमाराला ओढ्याच्या तोंडाशी अखेर एक चिलापी नीट लागली. वीतभर, शेपटी लालसर, त्या हलक्या रॉडवर तिनं चांगली झुंज दिली. सवयीप्रमाणे हात ओला केला, हुक सोडवला आणि ती पाण्यात सोडायला वाकलो.

"सोडायचीच व्हती तर धरली कशाला?" मावशी.

परदेशी मासा, पाण्यात लाखांनी. सोडण्याचं आमच्याकडे खरंच काही कारण नव्हतं. निमूटपणे नेऊन त्यांना दिली. त्यांनी ती न बघताच मागे भिरकावली. टोपलीतले मासे त्या मोजत होत्या, सत्तावीसवर आल्या होत्या. आमची चिलापी टोपलीच्या बाहेर पडली, आणि मावशी अठ्ठावीसवर गेल्या त्या दुसऱ्याच माशानं.